टरफल, तुरा आणि पिवळे पाय

तपकिरी अंडे फोडल्यावर टरफल टाकून देण्याआधी एकदा उलटे धरून बघावे. आतला पातळ पापुद्रा सोलला की खालचे कवच पांढुरके दिसते. भिंतीला शेवटचा हात मारावा तसा तपकिरी रंग बाहेरून चढलेला असतो. निळी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे टरफल मात्र आरपार निळे असते. रंग कोंबडीच्या पोटात कुठे, केव्हा आणि कशाने चढतो हे नीट समजले, तर त्यावरून कोंबडीबद्दल काय ओळखता येईल आणि काय नाही, याचा निवाडा बराच सोपा होतो.

हा निवाडा करण्याची आज गरज आहे. शहरातला ग्राहक तपकिरी अंडे दिसले की ‘गावरान’ समजून जास्त पैसे मोजतो. नवे शेड बांधणाऱ्या तरुणाला कुणी सांगते की तपकिरी अंड्याचा पक्षी काटक असतो, कुणी सांगते की पांढऱ्याइतके उत्पादन कुणाचेच नाही. जुनी मंडळी कानाची पाळी बघून अंड्याचा रंग सांगतात आणि त्यावरून कोंबडी किती घालेल तेही सांगून मोकळी होतात. या सगळ्यांत थोडे थोडे तथ्य आहे, पण दोन निराळ्या गोष्टींची गल्लत आहे. एका जातीची दुसऱ्या जातीशी तुलना करताना अंड्याचा रंग फक्त वंश सांगतो. एकाच कळपातल्या आजच्या रंगाची कालच्या रंगाशी तुलना केली, तर तोच रंग प्रकृती सांगू लागतो. पहिल्या तुलनेवर आपण भलता विश्वास ठेवतो आणि दुसरीकडे बघतही नाही, असे मला वाटते.

बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत साधारण २४ ते २६ तास लागतात. नरसाळ्यासारख्या पहिल्या भागात बलक पाव-अर्धा तास असतो, पुढे तीनेक तासांत त्याभोवती पांढरा बलक जमतो, मग तासाभरात दोन पापुद्रे चढतात. उरलेला सगळा वेळ, म्हणजे वीसेक तास, अंडे कवचग्रंथीत असते. तिथे साडेपाच-सहा ग्रॅमचे कवच घडते. ते बहुतेक सगळे कॅल्शियम कार्बोनेट असते आणि त्यात दोन ग्रॅमच्या वर निव्वळ कॅल्शियम जाते. या कामाच्या अखेरच्या तीन ते पाच तासांत तपकिरी रंगाचा मोठा वाटा उतरतो. सर्वांत शेवटी एक पातळ ओलसर थर बसतो. नुकत्याच घातलेल्या अंड्यावर तो चकाकतो आणि पाहता पाहता सुकतो. जंतूंना कवचाच्या छिद्रांतून आत जाऊ न देण्याचे काम या थराचे. त्यातही रंग असतोच.

तपकिरी रंगद्रव्याचे नाव प्रोटोपॉर्फिरिन. रक्ताला लाल करणारे हीम शरीरात तयार होते तेव्हा त्याच्या अगदी अलीकडच्या पायरीवर हेच द्रव्य असते; त्यात लोह बसले की हीम. कवचग्रंथीच्या पेशी ते स्वतः बनवतात. निळा-हिरवा रंग बिलिव्हर्डिनचा. हे द्रव्य हीम मोडल्यावर तयार होते. मुका मार लागलेली जागा चार दिवसांनी हिरवट दिसते, ती याच द्रव्यामुळे. हिरवे अंडे म्हणजे आरपार निळे कवच आणि त्यावर तपकिरी हात. पांढरे अंडेही अगदी कोरे नसते. प्रोटोपॉर्फिरिन अतिनील प्रकाशात लाल चमकते, आणि लेगहॉर्न जातीच्या ताज्या पांढऱ्या अंड्यावरही त्या प्रकाशात फिकट गुलाबी झाक दिसते. रंगाचा अंश तिथेही असतो, डोळ्याला दिसण्याइतका नसतो एवढेच.

बलकाचा रंग खाद्यावर ठरतो. मका, लसूणघास, झेंडूच्या पाकळ्या यांतली पिवळी द्रव्ये जितकी जास्त, तितका बलक गडद. टरफलाच्या रंगाशी त्याचा संबंध नाही, आणि टरफलाच्या रंगाचा पोषणाशी नाही. या मुद्द्यावर इतके सांगून झाले आहे की इथे थांबणे पुरे.

रंग आणि गुण यांच्या नात्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण निळ्या अंड्याचे आहे. चिलीतल्या मापुचे लोकांच्या कोंबड्या निळी अंडी देतात हे १९२१ साली स्पेनच्या साल्वादोर कास्तेयो यांनी हेगच्या जागतिक कुक्कुट परिषदेत मांडले. १९३३ मध्ये रेजिनाल्ड पनेट यांनी दाखवले की हा निळेपणा एकाच प्रभावी जनुकाने येतो. आई-बापांपैकी एकाकडून मिळाला तरी अंडे निळे. तपकिरी रंगाचे तसे नाही. तो अनेक जनुकांनी थोडा थोडा ठरतो, म्हणून पांढऱ्या आणि तपकिरी वंशांचा संकर केला की मधलाच साईसारखा रंग येतो. निळ्या जनुकाचा माग २०१३ मध्ये लागला. चीनमधल्या आणि ब्रिटनमधल्या संशोधकांच्या दोन गटांना एकच गोष्ट सापडली: फार पूर्वी कोंबडीच्या जनुकसंचात घुसलेल्या एका विषाणूचा तुकडा पहिल्या गुणसूत्रावर एका वाहक प्रथिनाच्या जनुकाशेजारी जाऊन बसला आहे. हे जनुक एरवी यकृतात काम करते. त्या तुकड्यामुळे ते कवचग्रंथीतही चालू झाले. दक्षिण अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या कोंबड्यांत तो स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या ठिकाणी बसला, हे त्यातले विशेष.

शेजार म्हणावा तर पुढचा आहे. याच गुणसूत्रावर, निळ्या जनुकाच्या अगदी जवळ, वाटाणा तुऱ्याचे जनुक आहे. असीलच्या डोक्यावर असतो तसा तीन ओळींचा, बुटका तुरा. दोन जनुके जवळजवळ असली की बहुधा बरोबरच पुढच्या पिढीत जातात. म्हणून निळ्या अंड्यांच्या पैदाशीत पिलांचा तुरा बघून आगाऊ अंदाज बांधतात की मोठी झाल्यावर हिचे अंडे निळे असेल. अंदाज बऱ्याचदा खरा ठरतो. तरीही तुरा अंड्याला निळे करत नाही आणि निळे अंडे तुऱ्याला बुटका करत नाही. दोघे शेजारी राहतात, म्हणून एकत्र दिसतात. आपल्या असीलकडे वाटाणा तुरा आहे, निळे अंडे नाही. तिच्यात विषाणूचा तो तुकडा बसलेलाच नाही. निळ्या अंड्यात कोलेस्टेरॉल कमी असते असा बोलबाला काही काळ होता. तपासणीत तो टिकला नाही.

कानाच्या पाळीचेही असेच. पांढरी पाळी तर पांढरे अंडे, लाल पाळी तर तपकिरी, ही खूण बऱ्याच जातींत जुळते. तिचे कारण इतिहासात आहे. लेगहॉर्न, मिनोर्का, अँकोना या भूमध्य समुद्राकाठच्या जाती. लेगहॉर्न हे तर इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचे इंग्रजी नाव. या साऱ्यांची पाळी पांढरी, अंडे पांढरे, अंग हलके आणि खुडूक बसण्याची ओढ कमी. दुसरीकडे कोचीन, ब्राह्मा, लँगशॅन या आशियातून एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत गेलेल्या भारदस्त, लाल पाळीच्या, तपकिरी अंड्यांच्या जाती. ऱ्होड आयलंड रेडसारख्या पुढच्या जातींत या पूर्वेकडच्या रक्ताचा मोठा भाग आहे. दोन घराणी, प्रत्येकाचे गुण एकगठ्ठा. पण गठ्ठा सुटतोही. इंग्लंडच्या डॉर्किंगची पाळी लाल आणि अंडे पांढरे. स्पेनमधल्या पेनेदेसेंकाची पाळी पांढरी आणि अंडे मात्र चॉकलेटी तपकिरी. पिसांच्या रंगाचा तर अंड्याशी संबंधच नाही. काळ्या मिनोर्काचे अंडे पांढरे, पांढऱ्या प्लायमाउथ रॉकचे तपकिरी. कडकनाथची कातडी, मांस, हाडांवरचे आवरण सगळे काळे, तरी अंडे साईच्या किंवा फिकट तपकिरी रंगाचे. अंगाचा काळेपणा मेलॅनिनचा आहे आणि मेलॅनिन टरफलात उतरत नाही. काळ्या टरफलाचे अंडे कडकनाथचे म्हणून कुणी दाखवले, तर ते घेऊ नये.

आता उत्पादन. देशात २०२३-२४ या वर्षी सुमारे १४,२७७ कोटी अंडी निघाली, माणशी १०३. त्यांतली फार मोठी संख्या लेगहॉर्नच्या वंशातल्या पांढऱ्या पक्ष्यांची. पुण्यात मुख्यालय असलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचा बीव्ही-३०० हा त्यांतला घरोघरी माहीत असलेला पक्षी. पांढऱ्या अंड्याची ही कोंबडी साधारण दीड ते पावणेदोन किलोची असते. तपकिरी अंड्यांचा व्यापारी पक्षी दोन किलोच्या आसपास. अंड्यांच्या संख्येत दोन्ही चांगल्या वाणांत आता मोठे अंतर उरलेले नाही. दोन्ही वर्षाला ३०० च्या घरात जातात. अंतर पडते खाद्यात. जड अंग पोसायला तपकिरी पक्षी रोज ५ ते १० ग्रॅम जास्त खातो. एका पक्ष्याचे हे काहीच नाही, पण दहा हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये रोज ५० ते १०० किलो खाद्य जास्त लागते, आणि लेअरच्या धंद्यात खर्चाचा सर्वांत मोठा वाटा खाद्याचाच. तपकिरी अंडे महाग असण्यामागचे खरे कारण हे. त्याशिवाय विदर्भ-मराठवाड्यातल्या मे महिन्याचा विचार वेगळा करावा लागतो. तापमान चाळीशी ओलांडते तेव्हा कोंबडी धापा टाकते, धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्तातले बायकार्बोनेट घटते आणि कवच पातळ होते. हलक्या अंगाच्या, मोठ्या तुऱ्याच्या लेगहॉर्नची उष्णता लवकर बाहेर पडते. जड पक्ष्याला उन्हाळा अधिक जाचतो. या सगळ्यात टरफलाच्या रंगाने काही केलेले नाही. केले ते शरीराच्या वजनाने. रंग त्या शरीराबरोबर आला.

तपकिरी पक्ष्याच्या बाजूचीही गोष्ट सांगायला हवी. तो स्वभावाने शांत; शेडमध्ये माणूस शिरला तर लेगहॉर्नसारखा एकदम उसळत नाही. लाल नर आणि रुपेरी मादी असा संकर लावला की एक दिवसाची पिले पिसांच्या रंगावरून ओळखता येतात, माद्या तांबूस आणि नर फिके. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून नर पिले मारण्यावर बंदी आली, तेव्हा ही खूण फार मोलाची ठरली: उबवणीच्या मध्यावर अंड्यातच भ्रूणाच्या पिसांचा रंग प्रकाशाने वाचून लिंग ओळखता येते, पण फक्त अशा तपकिरी वाणांत. पांढऱ्यांत दोघांची पिसे सारखीच, तिथे ही युक्ती चालत नाही.

उणिवाही त्याच घराण्याच्या आहेत. तपकिरी अंड्यांत रक्ताचे किंवा मांसाचे ठिपके जास्त आढळतात, आणि गडद टरफलातून उजेड पाहून ते हेरणे, तशीच बारीक तडही हेरणे, अवघड जाते. काही तपकिरी वाणांत अंड्याला मासळीचा वास येई. कारण २००५ मध्ये उलगडले: ट्रायमिथाइलअमिन हे वासाचे द्रव्य मोडणाऱ्या एका विकराच्या जनुकात दोष होता. अशा कोंबडीला मोहरीवर्गी पेंड किंवा मासळीची भुकटी जास्त झाली की वास थेट बलकात. हे जनुक आता तपासता येते आणि पैदासकारांनी दोष काढून टाकायला घेतला. मोहरीची पेंड स्वस्त मिळते म्हणून ती खाद्यात मिसळणाऱ्याने आपला वाण कोणता, हे आधी विचारून घ्यावे.

गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि तिचे अंडे पांढुरक्यापासून फिकट तपकिरीपर्यंत कसेही असते. ती कमी घालते याचे कारण अंड्याच्या रंगात नाही, तिच्या आईपणात आहे. पंधरा-वीस अंडी झाली की ती खुडूक होते, पिसे फुलवून बसते, जवळ गेले तर टोचायला धावते; एकवीस दिवस उबवण, मग पिलांमागे दोन महिने. तेवढा काळ अंडाशय झोपलेले. लेगहॉर्नमधून ही ओढ शंभरेक वर्षांच्या निवडीने काढून टाकली, आणि तपकिरी व्यापारी वाणांतूनही काढली. म्हणून तपकिरी असूनही ते तीनशे घालतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली ग्रामप्रिया तपकिरी अंडी देते आणि परसातही वर्षाला दीडशेच्या वर जाते. गावरानचा दर देऊन आणलेले तपकिरी अंडे पिंजऱ्यातल्या व्यापारी पक्ष्याचे असू शकते, ते यामुळे. दरातला फरक कोंबडी कशी राहिली यासाठी द्यायचा, तर तसे विचारून द्यावा. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून विकल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. लिंबू किंवा व्हिनेगर चोळून रंग सुटतो का हे पाहण्याची घरगुती परीक्षा निरुपयोगी आहे. आम्लाने कवचाचा वरचा थरच विरघळतो आणि खऱ्या तपकिरी अंड्याचा रंग नेमका त्याच थरात असतो, तोही सुटतो.

कोंबडी घालते की नुसती खाते हे रंगावरून ओळखायचेच असेल, तर टरफल सोडून तिचे पाय बघावेत. पिवळ्या कातडीच्या कोंबडीला खाद्यातून मिळालेला पिवळा रंग घालायला लागल्यावर बलकात जाऊ लागतो, आणि अंगावरचा उतरू लागतो. उतरण्याचा क्रम ठरलेला: आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्याच्या कडेचा, मग पांढऱ्या पाळीवरची पिवळी झाक, मग चोच बुडापासून टोकाकडे, शेवटी तळवे आणि नळ्या. चोच फिकी पडायला काही आठवडे लागतात, नळ्या पार पांढुरक्या व्हायला चार-पाच महिने. घालणे थांबले की त्याच क्रमाने पिवळेपणा परत येतो. ऐन हंगामात हळदीसारखे पिवळे पाय मिरवणारी कोंबडी फुकट खाते आहे. तिच्याखाली बोटे लावून ओटीपोटाच्या दोन हाडांमधले अंतरही बघावे. घालणारीच्या हाडांत दोन-तीन बोटे सहज मावतात. काळ्या पायांच्या कडकनाथवर मात्र पायांची परीक्षा चालत नाही.

या पिवळ्या पायांचे मूळ आपल्या डोंगरात आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा, पण त्याची कातडी पांढरी. २००८ मध्ये स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की पिवळ्या कातडीचे जनुक बहुधा राखाडी रानकोंबड्याकडून आले. हा पक्षी मुख्यतः सह्याद्रीत आणि दक्षिण भारतात राहतो. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात पहाटे आरवणारा तो हाच. जगभरच्या शेडमध्ये लेगहॉर्नचे पाय बघून छाटणी करणारा माणूस सह्याद्रीचीच खूण वाचत असतो, हे मला फार मोलाचे वाटते.

आता दुसरी तुलना, एका कळपाची त्याच्याशीच. तपकिरी अंड्यांचा कळप राखणाऱ्याकडे पांढऱ्यावाल्याकडे नसलेले एक साधन असते. रंग शेवटच्या काही तासांत चढतो, म्हणून त्या तासांत काही बिनसले की पहिली साक्ष टरफल देते. कोंबडी घाबरली, शेडमध्ये कुत्रे शिरले, फटाके वाजले, पक्षी धरून लस टोचली, तर घालणे लांबते. अंडे ग्रंथीत अडकून राहते आणि तयार रंगावर चुन्याचा जास्तीचा थर बसतो. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये राखाडी-गुलाबी, धुळकट अंडी दिसतात. असे एक-दोन दिवस झाले तर काळजी नाही. आठवडाभर अंडी फिकीच येत राहिली तर रोगाचा विचार करावा. इन्फेक्शियस ब्राँकायटिस आणि मानमोडी कवचग्रंथीलाच इजा करतात. तपकिरी अंडी जवळजवळ पांढरी होतात, सुरकुततात. एग ड्रॉप सिंड्रोमचा विषाणू १९७६ मध्ये नेदरलँड्समध्ये समोर आला. त्यात कोंबड्या खातात-पितात, दिसायला ठणठणीत असतात, आणि पहिले लक्षण म्हणून फक्त रंग उडतो. मग पातळ, मऊ, टरफल नसलेली अंडी येतात आणि उत्पादन घसरते. पांढऱ्या कळपात हा पहिला इशारा डोळ्याला मिळतच नाही.

एक कारण रोगाचे नसून खाद्याच्या गिरणीचे असते. निकार्बाझिन हे औषध ब्रॉयलरला कॉक्सी रोगावर देतात. ते घातलेले खाद्य बनवलेल्या मिक्सरमध्ये मागोमाग लेअरचे खाद्य बनवले आणि चुकून थोडे मिसळले, तर दोनेक दिवसांत अख्ख्या शेडची तपकिरी अंडी फिकी. औषध थांबल्यावर रंग परत येतो. रोगाच्या धास्तीने प्रतिजैविके ओतण्याआधी खाद्य कुठून आले, हे विचारणे स्वस्त पडते.

वय वाढेल तसा रंग फिकटतोच. अंडे मोठे होते आणि जवळपास तेवढाच रंग जास्त पृष्ठभागावर पसरतो. पिसे झडून कोंबडी पुन्हा घालू लागली की पहिली अंडी गडद. फ्रान्समधल्या मरान जातीची चॉकलेटी अंडी प्रसिद्ध आहेत, पण ती वर्षाला दीडशे-दोनशेच देते, आणि हंगामाच्या अखेरीस तिचाही रंग उतरतो. यावरून ‘गडद तेवढे कमी’ असा नियम काढायचा मोह होतो. व्यापारी तपकिरी वाणांच्या आत मात्र रंग आणि संख्या यांचे नाते क्षीण आहे, रंग आणि कवचाची मजबुती यांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. रंग वंशाने बराच जातो, म्हणून पैदासकार परावर्तन मोजणाऱ्या यंत्राने तो मोजून गडद कोंबड्या निवडतात. बाजाराला एकसारखा ट्रे हवा, हेच त्याचे कारण. पण निवडीत एक निकष वाढवला की बाकीच्या निकषांची धार तेवढी बोथट होते. पायाच्या बळकटीवर किंवा उन्हाळा सोसण्यावर खर्च करायची निवड आपण ट्रेच्या शोभेवर खर्च करतो. आपल्यासारख्या उन्हाच्या प्रदेशात हे मला पटत नाही.

कळपाचा रंग वाचायचा तर आठवण पुरत नाही, कारण तो रोज थोडा थोडा बदलतो आणि डोळा सरावतो. ठरलेल्या वारी, एकाच ओळीतल्या पिंजऱ्यांतली तीस अंडी एका ट्रेमध्ये भरावीत, ट्रे शेडच्या दारात त्याच जागी, त्याच वेळी ठेवावा आणि मोबाइलवर फोटो घ्यावा. फोटोत दरवेळी कागदाचा एक पांढरा तुकडाही असावा, म्हणजे उजेड बदलला तरी कळतो. खाली वहीत तारीख, पक्ष्यांचे वय, खाद्याची नवी गोण कधी उघडली आणि त्या आठवड्यात शेडमध्ये काय काय घडले, एवढे लिहावे. पशुवैद्य येईल तेव्हा मागच्या आठ ट्रेंचे फोटो एकापुढे एक त्याच्यासमोर ठेवावेत.